जमीन, जामीन आणि विद्या

जमीन आणि जामीन या दोन शब्दांत एका कान्याचे काय ते अंतर. कर्ज मागायला गेलेल्या माणसाला मात्र ते अंतर पुरते ठाऊक असते. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला जामीन सहज मिळतो; ज्याला जमीन नाही त्याला जामीन शोधत दारोदार फिरावे लागते. हे आज आठवण्याचे कारण असे की, विद्यार्थ्यांच्या कर्जाला सरकारने जामीन राहावे, की ही पद्धतच मोडीत काढावी, असा प्रश्न आता ठिकठिकाणी विचारला जात आहे. अमेरिकेत तो तावातावाने विचारला जातो, आपल्याकडे अजून दबक्या आवाजात. आम्ही अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. पण या प्रश्नाने एकदा आमचेच दार ठोठावले होते आणि त्या वेळी आम्ही जे केले त्याचा हिशेब आमच्या मनात अजून मिटलेला नाही. तेव्हा आधी तेच सांगून टाकावे हे बरे.

२०१२ सालचा जून महिना. आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर राहणारे एक गृहस्थ संध्याकाळी रोझरी आटोपता आटोपता आले. ते आपल्या टेम्पोतून फुले आणि पालेभाजी दादरला नेत. त्यांच्या थोरल्या मुलीला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. चार वर्षांचा अभ्यासक्रम, खासगी महाविद्यालय, वसतिगृह धरून साडेपाच लाखांचा खर्च. बँक कर्ज द्यायला राजी होती. त्या वेळच्या नियमाप्रमाणे चार लाखांपर्यंत तारण लागत नसे. चार ते साडेसात लाखांपर्यंत तिऱ्हाईताची जामीनकी लागे. त्यापुढे मालमत्ता तारण द्यावी लागे. गृहस्थांची वाडी होती. पण सातबाऱ्यावर अकरा नावे, त्यांतली दोन वारलेल्यांची आणि एक कॅनडात स्थायिक झालेल्या चुलत्याचे. "सर, एक सही पाहिजे होती," एवढेच ते म्हणाले आणि कागदांची पिशवी मांडीवर धरून बसून राहिले.

आम्ही दोन दिवस मागून घेतले. आमच्या मुलाच्या फ्लॅटचे कर्ज तेव्हा मंजूर व्हायचे होते. दुसऱ्याला जामीन राहिले की त्याची नोंद होते आणि आपली पत तेवढी कमी धरतात, असे कुणीतरी आम्हांला सांगितले होते. मुलगी हुशार खरी, पण नोकरी नाही लागली तर? लग्न होऊन परदेशी गेली तर? सौ. एवढेच म्हणाली, "तिच्या बाप्तिस्म्याला तुम्हीच उभे राहिला होतात ना?" आम्ही त्यावर काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी नकार कळवला. नकार तरी कसला, सबब सांगितली. सबबी सांगण्यात आम्ही शिक्षक लोक तरबेज असतो. जन्मभर ऐकलेल्या असतात.

गृहस्थांनी वाद घातला नाही. मुलीने चार लाखांत बसणाऱ्या साडेतीन वर्षांच्या जी.एन.एम. पदविकेला नाव घातले. आज ती मुंबईतल्या एका रुग्णालयात काम करते, कर्जही तिने फेडले. पण पदविका आणि पदवी यांच्यातला फरक तिच्या पगारात दर महिन्याला दिसतो, आणि पदविकेनंतर आणखी दोन वर्षे शिकून पदवी घेता येते ते तिचे रात्रपाळ्यांच्या रगाड्यात राहूनच गेले आहे. चर्चच्या आवारात भेटते तेव्हा ती आदराने हात जोडते. तिला ती हकिगत ठाऊक आहे की नाही, हे आम्ही कधी विचारलेले नाही.

इंग्रजीत धर्मपित्याला 'स्पॉन्सर' म्हणतात. तो शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा मूळ अर्थच जामीन राहणारा असा आहे. स्नानसंस्काराच्या वेळी त्या तान्ह्या जिवाच्या वतीने आम्ही खणखणीत आवाजात उत्तरे दिली होती. तेथे बँकेचा शिक्का नव्हता, म्हणून सोपे गेले.

आमच्यासारख्या माणसांची ही द्विधा नवी नाही. बेनसिराच्या ग्रंथाचा एकोणतिसावा अध्याय ज्यांनी वाचला असेल त्यांना आठवेल की शेजाऱ्याला जामीन राहणे हे सज्जनाचे लक्षण असे तो ज्ञानी एका ओळीत सांगतो आणि जामीनकीपायी चांगली नांदती घरे कशी बुडाली हे पुढच्याच ओळींत सांगतो. दोन्ही खरे आहे आणि दोन्हीही एकाच वेळी पाळायचे आहे, अशी त्याची अपेक्षा. नीतिसूत्रांचा कर्ता तर जामीन राहूच नका म्हणून बजावतो. आम्हांला त्या दोन दिवसांत सोयीचे पुस्तक कोणते वाटले असेल ते वाचकांनी ओळखले असेलच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विद्येसाठी दिलेले कर्ज इतर कर्जांसारखे का नाही? टेम्पोचे कर्ज थकले तर टेम्पो ओढून नेता येतो. घराचे थकले तर घराला कुलूप लागते. नर्सिंग शिकलेल्या मुलीच्या डोक्यातले शरीरशास्त्र मात्र कुणाला जप्त करता येत नाही. विद्या चोरीला जात नाही म्हणून आपण तिचे कौतुक करतो. ती जप्तही होत नाही, हे सावकाराचे दुःख आहे. म्हणून तो दुसरे काहीतरी मागतो.

तेराव्या शतकातही तो मागतच होता. १२४० साली लिंकनचे बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट यांनी ऑक्सफर्डच्या गरीब विद्यार्थ्यांसाठी सेंट फ्रिड्सवाइड मठात एक पेटी ठेवविली. गावकऱ्यांवर बसवलेल्या दंडाची रक्कम तीत जमा होई आणि विद्यार्थ्यांना बिनव्याजी कर्ज मिळे. व्याजाचे पाप टाळले होते, पण तारण टाळता आले नव्हते. विद्यार्थ्याने काहीतरी मौल्यवान वस्तू ठेवायची, बहुधा पुस्तक. ज्या पुस्तकावर शिकायचे तेच शिकण्यासाठी गहाण टाकायचे! पेटी ठेवणाऱ्याच्या दयेबद्दल शंका नाही. पण ज्याच्याजवळ गहाण टाकायला पुस्तकही नव्हते त्याच्यासाठी ती पेटी बंदच होती. जुन्या करारातील अनुवाद ग्रंथात, चोविसाव्या अध्यायात, जाते किंवा जात्याचा वरचा दगड गहाण घेऊ नये असा नियम आहे. कारण ते माणसाच्या जगण्याचे साधन, ते गहाण घेणे म्हणजे जीवच गहाण घेणे. विद्यार्थ्याचे जाते कोणते? त्याची पुढची वीस-पंचवीस वर्षे. मिल्टन फ्रीडमन हे सरकारी हस्तक्षेपाचे कडवे टीकाकार. त्यांनी १९५५ साली असे सुचवले की, शिकणाऱ्याला पैसे देऊन त्याच्या पुढच्या कमाईतला वाटा विकत घ्यावा. आणि असा करार आर्थिक अर्थाने अंशतः गुलामीसारखाच ठरतो, हेही त्यांनीच नोंदवून ठेवले. खासगी धनको असे कर्ज सहजी देत नाही हे त्यांनाही मान्य होते. जमीन नसलेल्याच्या मुलीला बाजार आपण होऊन कर्ज देईल, ही आशा कुणी धरू नये.

येथे सरकार जामीनदार म्हणून उभे राहते. आपल्या देशात १९६३ साली राष्ट्रीय ऋण-शिष्यवृत्ती योजना निघाली. कर्ज बिनव्याजी, आणि पुढे शिक्षकी पेशात शिरणाऱ्याला दर वर्षाच्या सेवेमागे एक दशांश माफ. किती सुंदर कल्पना! वसुली मात्र फारच थोडी झाली आणि योजना मागे पडली. २००१ साली बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली. २००९ पासून साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांचे शिक्षणाच्या काळातले व्याज केंद्र सरकार भरू लागले. २०१५ साली पत हमी निधी स्थापन झाला. साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय आणि जामिनाशिवाय द्यायचे, आणि ते बुडाले तर थकलेल्या रकमेच्या ७५ टक्के हा निधी बँकेला देणार. हा निधी तीन वर्षे आधी असता तर ते गृहस्थ आमच्याकडे आलेच नसते. आमची पत राहिली असती आणि आमची परीक्षाही टळली असती.

म्हणूनच ही पद्धत रद्द करा म्हणणाऱ्यांना आमचे पहिले उत्तर हे की, सरकारी जामीन काढून घेतला की ती पिशवी मांडीवर घेऊन बाप पुन्हा आमच्यासारख्यांच्या दारात येणार. आणि आमच्यासारखे काय करतात ते वर सांगितले आहे. शेजारधर्मावर ज्यांचा फार विश्वास आहे त्यांनी आधी स्वतःच्या सह्यांची संख्या मोजावी.

पण रद्द करा म्हणणाऱ्यांची बाजू एवढ्याने संपत नाही, आणि ती आम्हांला हलकी वाटत नाही. त्यांचे म्हणणे अमेरिकेच्या अनुभवावरून नीट समजते. १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडला; हादरलेल्या अमेरिकेने १९५८ च्या कायद्याने विद्यार्थ्यांसाठी सरकारी कर्जे सुरू केली. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने बँकांच्या कर्जाला सरकारी हमी मिळाली. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यावर सही केली ती टेक्सासमधील सॅन मार्कोस येथे, ज्या महाविद्यालयात ते स्वतः उसन्या पैशांवर शिकले होते तेथे जाऊन. हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण पुढे काय झाले? १९७६ साली कायदा बदलून ही कर्जे पहिली पाच वर्षे दिवाळखोरीतून वगळली गेली, आणि १९९८ पासून तर ती मुदतही उरली नाही. जुगारात कर्जबाजारी झालेला माणूस न्यायालयात जाऊन कोरी पाटी मागू शकतो. विद्यार्थ्याला मात्र असह्य हाल सिद्ध करावे लागतात. २०१० साली बँकांना मधून काढून सरकार स्वतःच कर्जे देऊ लागले. आज चार कोटींहून अधिक माणसांच्या डोक्यावर सुमारे १.६ लाख कोटी डॉलरचे हे कर्ज आहे.

आणि महाविद्यालयांचे काय? १९८७ साली तेथील शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून असा आरोप केला की, सरकारी मदत वाढते तशी महाविद्यालये शुल्क वाढवतात. सगळ्याच संस्थांना हा आरोप लागू पडतो काय, यावर अर्थतज्ज्ञांत आजही एकमत नाही. मात्र नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांबद्दल २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या सेलिनी आणि गोल्डिन यांच्या अभ्यासात असे आढळले की, सरकारी मदतीला पात्र असलेल्या संस्था तशाच अभ्यासक्रमांसाठी अपात्र संस्थांपेक्षा सुमारे पाऊणपट अधिक शुल्क घेत होत्या. कोरिंथियन कॉलेजेस नावाची असलीच एक साखळी २०१५ साली कोसळली. सात वर्षांनी, २०२२ मध्ये, सरकारला तिच्या ५ लाख ६० हजार विद्यार्थ्यांचे ५८० कोटी डॉलरचे कर्ज माफ करावे लागले. संस्थेने शुल्क आधीच घेतले होते. भरपाई करदात्यांनी केली. त्या करदात्यांत महाविद्यालयाची पायरी न चढलेले नळकारागीर आणि ट्रकचालकही होते. वकिलाच्या शिक्षणाला ट्रकचालकाने का जामीन राहावे, हा त्यांचा प्रश्न न्यायाचा आहे. २०२२ सालीच जाहीर झालेली सरसकट कर्जमाफी तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये रद्द ठरवली, आणि २०२५ च्या कायद्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीचे, पूर्ण खर्चाइतके मिळणारे कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद करण्याचे ठरले. म्हणजे रद्द करण्याची भाषा तेथे आता निव्वळ भाषा राहिलेली नाही. रिकामी झालेली जागा खासगी कर्जे घेतील. आणि खासगी कर्जाला बहुधा सोबत सही लागते, ज्याची पत आहे अशा बापाची. पुन्हा जमीन आणि जामीन.

आमच्या मते अमेरिकेत दोष जामीन राहण्यात नव्हता, कोणाला जामीन राहायचे हे ठरवण्यात होता. सरकारचा एक हात बँकेच्या पाठीवर आणि दुसरा विद्यार्थ्याच्या मानेवर. गावातला जामीनदार असा वागत नाही. सही करण्याआधी तो विचारतो: कुठले कॉलेज? फी किती? तिथून निघालेल्यांना नोकऱ्या लागतात का? हप्ता थकला तर तो घरी येऊन बसतो, रागावतो, पण नोकरी गेली असे कळले तर बँकेत जाऊन मुदतही मागतो. १९१८ साली स्थापन झालेली बसीन कॅथॉलिक सहकारी बँक आपल्या वाडवडिलांनी उभी केली. सहकाराच्या मुळाशी हीच ओळखदेख असते. एकमेकांची ऐपत आणि एकमेकांची अडचण ठाऊक असलेली माणसे एकमेकांची पत होतात. त्यात भाऊबंदकी येते, हेवेदावे येतात, आमच्यासारखे पळपुटेही निघतात; पण जामीनदार आंधळा नसतो.

आपल्याकडच्या हमी निधीकडे या नजरेने पाहावे. थकलेल्या रकमेच्या ७५ टक्के निधी देतो तो बँकेला. मुलीचे देणे त्याने एका पैशानेही कमी होत नाही. वसुली तिच्याकडून चालूच राहते. बँकेची भीती चौथाईवर आली, मुलीची तेवढीच राहिली, आणि महाविद्यालयाला तर भीती कधी नव्हतीच. आमच्या महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना १९८३ साली मोकळीक मिळाली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या संस्थांत चांगल्या आहेत, नाही असे नाही. परंतु शुल्क आणि देणगी यांच्यावरून चाललेली न्यायालयीन लढाई २००२ सालच्या टी. एम. ए. पै निकालापर्यंत आणि त्याच्याही पुढे गेली. नफेखोरी नको पण वाजवी शिल्लक चालेल, असे त्या निकालाने सांगितले. वाजवी म्हणजे किती, हे ज्याच्या खिशातून जाते त्याला कुणी विचारीत नाही. अल्पसंख्याकांच्या संस्था त्या निकालाच्या केंद्रस्थानी होत्या, हे आपणही विसरू नये. आपल्या समाजाच्या संस्था शुल्क ठरवायला बसतात तेव्हा त्या टेबलाच्या कोणत्या बाजूला असतात?

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तीत मानांकनाच्या आधारे निवडलेल्या संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामिनाशिवाय कर्ज आहे, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे, वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरती. जामीनदाराने 'कुठले कॉलेज?' असे विचारले, ही चांगली गोष्ट झाली. पण नामांकित संस्थेत प्रवेश मिळवणाऱ्या मुलाला बँक एरवीही फारसे अडवत नाही. तालुक्याच्या गावी नर्सिंग शिकणाऱ्या मुलीचे कॉलेज त्या यादीत नसते. तिच्यासाठी जुनी योजना आहे, आणि जुन्या योजनेला प्रश्न विचारायची सवय नाही.

आमचे मत विचाराल तर जामीन राहू द्यावा, पण त्याने महाविद्यालयाकडूनही सही घ्यावी. ज्या संस्थेच्या विद्यार्थ्यांची कर्जे वारंवार बुडतात तिने बुडीत रकमेचा काही हिस्सा सोसावा. अमेरिकेत सलग तीन वर्षे ३० टक्के कर्जदारांनी हप्ते थकवले तर संस्थेची पात्रता जाते, असा नियम आहे. पण घेतलेले शुल्क तिला परत करावे लागत नाही, तिथे तो लंगडा पडतो. हप्ताही उत्पन्नाशी बांधावा. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून तसे केले. तेथे जामीन नाही, तारण नाही. कमाई ठराविक मर्यादेपलीकडे गेली की आयकराबरोबर वसुली होते आणि कमाई नसेल तर थांबते. हाही रामबाण नव्हे. इंग्लंडने अशीच परतफेड ठेवली आणि २०१२ साली शुल्काची मर्यादा सुमारे तीन हजार पौंडांवरून नऊ हजारांवर नेली. हप्ता सोसवणारा झाला की किंमत वाढवण्याची लाज वाटेनाशी होते. आणि आपल्याकडे आयकराच्या जाळ्यात मुळात माणसे थोडी. आखातात गेलेल्या परिचारिकेची कमाई कोणता आयकर अधिकारी पाहणार? हे सगळे आक्षेप आम्हांला मान्य आहेत. तरीही नोकरी नसताना चालूच राहणारा हप्ता आणि नोकरी लागल्यावर सुरू होणारा हप्ता यांत जात्याचा दगड उचलून नेण्याइतका फरक आहे.

ट्रकचालकाच्या प्रश्नाला मात्र आमच्याजवळ पुरते उत्तर नाही. रुग्णालयात रात्री त्याची नाडी जी मुलगी पाहते तिच्या शिक्षणाला तो अंशतः जामीन राहिला आहे, एवढे म्हणता येईल. पण वकिलाबद्दल, किंवा शिकून परदेशी गेलेल्याबद्दल तेच म्हणायला जीभ अडखळते. बहुधा म्हणूनच १९६३ ची ती विसरलेली कल्पना आम्हांला पुन्हा पुन्हा आठवते: जो शिकवील, जो सेवा करील, त्याचे दर वर्षाला थोडे फिटावे. फक्त त्या वेळी वसुलीची कुणी काळजी केली नव्हती.

त्या गृहस्थांचा टेम्पो आता पुतण्या चालवतो. सातबाऱ्यावरची नावे अकराची चौदा झाली आहेत. धाकटा मुलगा यंदा बारावीला आहे. ते अजून आमच्याकडे आलेले नाहीत.